एकवीस दिवसांचे पाणी

चेकियातील कार्लोवी व्हारी या गावात औषधी पाणी पिण्यासाठी चिनी मातीचा एक खास चपटा पेला मिळतो. त्याचा कान आतून पोकळ असतो आणि त्या कानाच्या टोकाला ओठ लावून पाणी ओढायचे असते. कोणाला घटाघट पिता येऊ नये, घोट लहानच यावा, अशी ती योजना आहे. १८८१ मध्ये पूर्ण झालेल्या, १२४ खांबांच्या तिथल्या लांबलचक ओसरीत असा पेला हाती घेऊन मी इतरांचे पाहून सावकाश येरझारा घालत होते. पाणी चांगलेच गरम, खारट आणि मागाहून जिभेवर लोखंडाची चव ठेवणारे होते. शेजारून चालणाऱ्या एका वृद्ध बाईंनी मोडक्या इंग्रजीत विचारले, "आज कितवा दिवस?" मी म्हटले, "पहिला. उद्या निघणार आहे." त्यांनी एकदा माझ्या पेल्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "मग कशाला पिता?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. गरम झरे, वाफेच्या खोल्या, हमाम, मर्दनाच्या पद्धती यांच्या मागे मी बरीच वर्षे हिंडले आहे आणि माझ्या वह्यांमध्ये पाण्याची तापमाने, वास, रंग आणि आत उतरण्याआधीचे नियम बारकाईने नोंदवलेले आहेत. मात्र इतक्या पाण्यांपैकी एकाने तरी तुमचे काही बरे केले का, असे कोणी विचारले असते, तर प्रामाणिक उत्तर नकारार्थी आले असते. दोष पाण्याचा नव्हता. मी कुठेच पुरेसे दिवस राहिले नव्हते.

कार्लोवी व्हारीचा मुख्य झरा सुमारे ७३ अंश सेल्सिअस तापमानाचा आहे आणि त्याचा फवारा बारा मीटरपर्यंत उसळतो. एके काळी तिथे रुग्णांना कातडी फुटेपर्यंत तासन्‌तास पाण्यात बसवून ठेवत असत. अठराव्या शतकात दाव्हिद बेखर या वैद्याने पाणी पिण्याला आणि प्यायल्यावर चालण्याला महत्त्व दिले. त्या गावातल्या ओसऱ्या शोभेसाठी बांधलेल्या नाहीत, पावसातही रुग्णाचे चालणे खंडित होऊ नये म्हणून त्या आहेत, हे मला त्या बाईंनीच सांगितले. त्या दर वर्षी येत आणि प्रत्येक वेळी तीन आठवडे राहत.

तीन आठवड्यांचा हा हिशेब पुढे मला जागोजागी भेटू लागला. फ्रान्समध्ये उष्णोदक-उपचारांचा काही भार सरकारी आरोग्य विमा उचलतो, पण त्यासाठी उपचार अठरा दिवसांचा असावा लागतो, म्हणजे रविवार धरून तीन आठवडेच. जपानमध्ये आजारी माणसाने गरम झऱ्याकाठी मुक्कामाला राहण्याच्या जुन्या पद्धतीला 'तोजी' म्हणतात आणि तिचे पारंपरिक माप सात दिवसांची तीन आवर्तने असे आहे. आयुर्वेदातील पंचकर्माकडे पाहिले तरी तेच दिसते. आधी तीन ते सात दिवस वाढत्या मात्रेने औषधी तूप पोटात घ्यायचे, मग तेलाचा अभ्यंग आणि वाफारा, मग वमन किंवा विरेचन, म्हणजे औषधाने उलटी किंवा जुलाब करवणे, आणि त्यानंतर पेजेपासून सुरुवात करून पायरीपायरीने नेहमीच्या आहारावर यायचे. ही बेरीज दोन आठवड्यांच्या खाली सहसा येत नाही. एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या लोकांनी इतके जवळजवळचे आकडे धरावेत, हे मला प्रथम योगायोगाचे वाटले होते.

ते केवळ योगायोगाचे नसावे, असे मला कुसात्सूला वाटले. जपानमधल्या डोंगरातले हे गाव गंधकाच्या वासात बुडालेले असते. तिथले पाणी इतके आम्लधर्मी आहे की त्याचा सामू दोनच्या आसपास येतो, आणि इतके कढत आहे की थेट अंगावर घेण्याची सोय नाही. थंड पाणी मिसळावे तर औषध पातळ होते, म्हणून तिथल्या लोकांनी वेगळाच मार्ग काढला. माणसे कुंडाभोवती उभी राहतात आणि उंच लाकडी फळ्यांनी, गाणे म्हणत, एका ठेक्यात पाणी ढवळतात. पाणी हळूहळू निवते आणि फळी मारणाऱ्याचे अंग तोवर तापून तयार होते. याला 'युमोमी' म्हणतात. मी फळी हातात घेतली तेव्हा पाच मिनिटांत खांदे भरून आले. पर्यटकांसाठी होणाऱ्या खेळात हे सारे गंमतीचे दिसते, पण मूळ पद्धत कडक शिस्तीची होती. ४८ अंशांच्या आसपासच्या पाण्यात प्रमुखाच्या इशाऱ्यावर सर्वांनी एकदम उतरायचे, हालचाल करायची नाही, आणि तीन मिनिटे झाली की त्याच्याच इशाऱ्यावर बाहेर यायचे. इतक्या कढत पाण्यात हललात तर ते अधिक चटका देते, हे मी एक बोट हलवून पाहिले तेव्हा लगेच पटले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझे अंग मोडून आले. जेवण नकोसे झाले, डोके जड झाले आणि आपल्याला ताप येणार अशी माझी खात्री झाली. मी राहत होते त्या घराच्या मालकीणबाईंना हे सांगितले, तर त्यांचा चेहरा उजळला. याला 'युआतारी' म्हणतात, म्हणजे पाणी लागणे, असे त्या म्हणाल्या. एक दिवस कुंडात जाऊ नका, झोपा, आणि मग पुन्हा सुरू करा. जर्मन भाषक प्रदेशातील स्नान-वैद्यही उपचारांच्या पहिल्या आठवड्यात येणाऱ्या अशाच थकव्याला 'स्नान-प्रतिक्रिया' म्हणतात आणि तिची वाट पाहतात. शरीराला रोज उष्णतेचा किंवा थंडीचा ताण द्यायचा, मग ते कुरकुरते, आणि त्यानंतर त्या ताणाशी जुळवून घेऊ लागते, असा यामागचा तर्क आहे. जुळवून घेण्याला दिवस लागतात. मी मात्र पाचव्या दिवशी सकाळच्या गाडीने निघाले, कारण पुढचे तिकीट काढलेले होते. म्हणजे कुरकुर तेवढी पदरात पडली आणि पुढचा भाग तिथेच राहिला.

हीच गोष्ट हॉटेलांतल्या स्पाच्या यादीकडे पाहताना मला खटकते. एका मोठ्या हॉटेलात मी एकदा वीस मिनिटांची शिरोधारा घेतली होती. तेलाची धार कपाळाऐवजी बराच वेळ कानाकडे वाहत राहिली, घड्याळाची घंटी वाजताच ती बंद झाली, आणि तेलकट ओल्या केसांनिशी मला वातानुकूलित दालनात बसवून गार सरबत देण्यात आले. पुढचे दोन दिवस डोके ठणकत होते. परिचारिका बिचारी कष्टाळू होती आणि तिच्या हाताला चांगली ओढ होती. ज्या उपचाराला आधीची तयारी आणि नंतरचे पथ्य लागते, त्याचा मधला तुकडा कापून विकला की असेच होणार.

सर्वच परंपरांना मात्र तीन आठवड्यांची फूटपट्टी लावता येत नाही. फिनलंडमधील साउना आणि तुर्कस्तानातील हमाम या मुळात उपचारांच्या जागा नाहीत, त्या नेमाने अंग धुण्याच्या जागा आहेत आणि त्यांचा हिशेब जन्मभराचा असतो. इस्तंबूलमध्ये ऑटोमन वास्तुकार मिमार सिनान यांच्या आराखड्याचा, १५८४ सालचा चेंबरलीताश हमाम आजही चालू आहे. तापलेल्या संगमरवरी शिळेवर पालथे पडायचे आणि घुमटातल्या छिद्रांतून येणारे उजेडाचे कवडसे पाहायचे. अंग पुरते घामाजले की न्हाऊ घालणारी बाई हातात खरखरीत पिशवी चढवून मानेपासून टाचेपर्यंत घासते. मळाच्या करड्या वळ्या निघू लागल्यावर तिने माझा दंड धरून त्या मलाच दाखवल्या. आपण रोज न चुकता आंघोळ करतो हा माझा अभिमान तिथेच निथळून गेला.

साउनाबद्दल बोलताना फिनलंडमधील लोक तापमानापेक्षा वाफेबद्दल बोलतात. तापल्या दगडांवर पाणी टाकल्यावर अंगावर येणाऱ्या त्या वाफेच्या लाटेला त्यांच्याकडे स्वतंत्र शब्दच आहे. साउनाची परंपरा युनेस्कोच्या यादीत २०२० साली आली. पूर्व फिनलंडमधील २,३१५ मध्यमवयीन पुरुषांना सुमारे वीस वर्षे निरखून केलेल्या एका अभ्यासात, आठवड्यातून चार ते सात वेळा साउना घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने अचानक मृत्यू येण्याचे प्रमाण आठवड्यातून एकदाच घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. हा आकडा जाहिरातींत फार फिरतो. मला त्यात एक साधी शंका येते की आठवड्यातून पाच संध्याकाळी साउनात बसण्याची ज्याला उसंत आणि ताकद आहे, तो माणूस आधीच बरा असण्याची शक्यता अधिक. अभ्यासकांनी अशा गोष्टींचा हिशेब घेण्याचा प्रयत्न केलेला असतो, तरी निरीक्षण म्हणजे प्रयोग नव्हे.

'नैसर्गिक' या शब्दाबाबतही मी आता सावध झाले आहे. आइसलंडमधील निळ्या दुधाळ पाण्याचे जगप्रसिद्ध तळे हे भू-औष्णिक वीजकेंद्रातून बाहेर सोडलेल्या पाण्याने साचलेले आहे. सोरायसिस असलेल्या एका माणसाला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस त्यात आंघोळ करून आराम वाटला आणि पुढचा सारा पसारा उभा राहिला. मृत समुद्राकाठी सोरायसिसच्या रुग्णांना येणारा गुण पुष्कळसा उन्हाचा आहे. तो किनारा समुद्रसपाटीपेक्षा ४३० मीटरहून अधिक खाली असल्याने हवेच्या जाड थरातून गाळून येणारे ऊन त्वचेला कमी भाजते आणि रुग्णाला त्यात अधिक वेळ बसता येते. आणि इंग्लंडमधील बाथ येथील रोमन कुंडाचे हिरवे पाणी कितीही मोहक दिसले तरी त्यात हात घालण्यास मनाई आहे, कारण १९७८ साली तिथल्या झऱ्याच्या पाण्यातील अमिबाच्या संसर्गाने एका मुलीचा मृत्यू झाला होता. तिथल्याच झऱ्यातून शिशाची सुमारे १३० शाप-पत्रे निघाली आहेत. त्यांतले कित्येक शाप न्हाताना कपडे चोरणाऱ्यांना दिलेले आहेत, हे वाचून मला त्या रोमन न्हाणाऱ्यांबद्दल फारच जवळीक वाटली.

अखेर गेल्या वर्षी मी जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील बाड व्योरिसहोफेन येथे पूर्ण एकवीस दिवस राहिले. सेबास्टियन क्नाइप (१८२१–१८९७) हा धर्मगुरू याच गावात काम करत असे. विद्यार्थिदशेत क्षयाने खंगलेला असताना त्याने ऐन हिवाळ्यात डॅन्यूब नदीत क्षणभर डुबकी मारून, धावत घरी येऊन अंग गरम करण्याचा क्रम चालवला आणि तो बरा झाला. पुढे त्याने स्वतःची जल-चिकित्सा घडवली, तेव्हा मात्र त्याने रुग्णांसाठी इतका कठोर मार्ग ठेवला नाही. गार अंगावर गार पाणी कधीही घ्यायचे नाही, हा त्याच्या पद्धतीचा पहिला नियम आहे. पहाटे वाफवलेल्या सुक्या गवताची गरम पिशवी पाठीखाली ठेवून जात. मग दिवसभरात कधी गुडघ्यांवर, कधी हातांवर गार पाण्याची बारीक धार. संध्याकाळी गुडघाभर गार पाण्याच्या हौदात बगळ्यासारखे चालायचे, म्हणजे प्रत्येक पाऊल पाण्याबाहेर पूर्ण उचलून. थंडी हाडाला चावू लागली की बाहेर यायचे, पाय पुसायचे नाहीत, हातांनी पाणी निपटून ते गरम होईपर्यंत चालत राहायचे.

सातव्या दिवशी अपेक्षेप्रमाणे अंग मोडून आले आणि मी मनातल्या मनात कुसात्सूच्या मालकीणबाईंना नमस्कार केला. दहाव्या दिवसापर्यंत गावात पाहण्यासारखे सारे पाहून झाले होते. त्यानंतर जो कंटाळा आला तो मी लहानपणानंतर अनुभवला नव्हता. 'वेलनेस'ला मराठी शब्द काय, याचा विचार करीत मी बाकावर बसले असताना आठवले की आपल्याकडे चुळबुळ करणाऱ्या मुलाला "जरा स्वस्थ बस" असे म्हणतात. झोप बाराव्या रात्रीपासून सलग लागू लागली. गुडघ्याची जुनी कळ कमी झाली खरी, पण ती पाण्याने, रोजच्या चालण्याने की रात्री नऊला दिवा मालवल्याने, हे मला सांगता येणार नाही.

त्या मुक्कामाच्या वहीत पहिल्या आठवड्याची चौदा पाने भरली आहेत आणि तेराव्या दिवसानंतर जवळपास काहीच लिहिलेले नाही. सतराव्या दिवसाच्या पानावर एकच ओळ आहे, 'हौदातले पाणी आज कालच्याइतके गार नव्हते.' तिथल्या सेविकेला मी तसे म्हटलेही होते. तिने वाकून हौदाच्या भिंतीवरचा तापमापक पुसला आणि मला दाखवला. आकडा पहिल्या दिवशीचाच होता.