पिन संभाजीनगरला, मी परभणीला

परभणीत राहून डेटिंग अॅप वापरणाऱ्या बाईला समोरच्याच्या फोटोआधी अंतराचा आकडा दिसतो. नावाखाली बारीक अक्षरांत '२ किमी अंतरावर' असे लिहिलेले असते, आणि आमच्या गावात दोन किलोमीटरवर कोण राहते हे कुणाला विचारावे लागत नाही. मी बँकेत नोकरी करते. संभाजीनगरला काही वर्षे काढून गेल्या वर्षी बदलीवर माझ्याच गावी परत आले आणि आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, संभाजीनगरला असताना उघडत असे त्याच सहजतेने अॅप उघडले. पहिल्या दहा जणांत एक आमच्या शाखेचा कर्जदार होता, ज्याच्या नूतनीकरणाची फाइल माझ्याच टेबलावर पडलेली होती. एक मामेभावाचा वर्गमित्र होता. आणि एकाच्या फोटोत मागे जे औषधांचे दुकान दिसत होते, तिथूनच आई तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणते. "काय बघायलीस गं एवढं?" असे आईने स्वयंपाकघरातून विचारले, तेव्हा मी फोन पालथा ठेवून "हवामान" असे उत्तर दिले.

मला ते दिसतात म्हणजे त्यांनाही मी दिसते, हे कळायला मला एक पूर्ण रात्र लागली. त्या रात्रीपासून लोकेशन बदलण्याच्या ज्या खटपटी मी केल्या, त्यांतल्या बहुतेक निरुपयोगी ठरल्या आणि एक उपयोगी ठरूनही अंगाशी आली.

हे अॅप आपल्याला विचारून आपले ठिकाण लिहून घेत नाही. आपण ते उघडतो तेव्हा फोन जीपीएस, वाय-फाय आणि मोबाइल टॉवर यांच्या आधारे आपण कुठे आहोत हे ठरवतो आणि अॅप ते उचलते. बंद असताना शेवटचे माहीत असलेले ठिकाण धरून चालते. म्हणून शेंद्र्याचा माणूस आठवडाभर पुण्यात दिसत राहू शकतो, कारण त्याने अॅप शेवटचे उघडले ते स्वारगेटला बसची वाट पाहताना. अंतर मोजले जाते तेही रस्त्याने नव्हे, सरळ रेषेत. टिंडरवर अंतराची मर्यादा जास्तीत जास्त १६० किलोमीटरपर्यंत ताणता येते. ती पूर्ण ताणली की परभणीहून नांदेड, लातूर, हिंगोली, जालना, बीड एवढेच नव्हे तर तेलंगणातले निजामाबादसुद्धा वर्तुळात येते. पण संभाजीनगरच्या बाबतीत हे वर्तुळ चिकलठाण्याच्या विमानतळापाशी जेमतेम टेकते आणि वाळूजपर्यंत काही पोहोचत नाही. ज्या शहरात माझी मोठी बहीण राहते, माझ्या मैत्रिणी राहतात आणि जिथे मी बदलीचा अर्ज करून बसले आहे, ते शहर अर्धेअधिक माझ्या वर्तुळाबाहेर, आणि जिथे मी आयुष्यात एकदाही गेलेली नाही ते निजामाबाद आत. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे आम्ही छाती फुगवून म्हणत असलो तरी या नकाशावर परभणीची जागा फार अवघड आहे.

पहिला उपाय मी केला तो परवानगी कमी करण्याचा. अँड्रॉइड १२ पासून, म्हणजे २०२१ पासून, एखाद्या अॅपला नेमके ठिकाण न देता ढोबळ ठिकाण देण्याची सोय फोनमध्ये आहे. आयफोनवर ती त्याच्या आदल्या वर्षी आली. ढोबळ म्हणजे साधारण ३ चौरस किलोमीटरचा परिसर. मुंबईत एवढ्या जागेत लाखभर माणसे मावत असतील; परभणीत तेवढ्यात माझे घर, माझी बँक आणि मामांचे घर मावते. हा पर्याय नकोच असे मी म्हणणार नाही, उलट तो प्रत्येकीने निवडावा असेच सांगेन, कारण नेमके अंतर ही साधी गोष्ट नाही. २०१४ मध्ये टिंडरबाबत सुरक्षा-संशोधकांनी दाखवून दिले होते की अॅप फोनकडे जे अंतर पाठवत होते ते इतके बारीक होते की तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून ते पाहिले असता माणसाचे घर सापडत असे. विद्यापीठाच्या फाटकापासून अमुक, रेल्वे स्टेशनपासून तमुक आणि जिंतूर रोडच्या नाक्यापासून एवढे, अशी तीन वर्तुळे काढा. ती जिथे एकमेकांना छेदतात तिथे त्या बाईचे अंगण. ती चूक नंतर दुरुस्त झाली आणि आता आकडे ढोबळ करून दाखवले जातात. तरी अंतर लपवण्याचा पर्याय ज्या अॅपमध्ये असेल, तिथे तो मी सर्वांत आधी चालू करते.

त्यानंतर सल्लागार आले. आतेभावाने, कशासाठी हे न विचारता, व्हीपीएन घ्यायला सांगितले. व्हीपीएनमुळे इंटरनेटवरचा आपला पत्ता बदलतो, पण फोनचे जीपीएस तुम्ही परभणीत आहात हे प्रामाणिकपणे सांगतच राहते, त्यामुळे त्याचा इथे काहीही उपयोग नाही. एका सहकारिणीने खोटे जीपीएस देणारे अॅप सुचवले. त्यासाठी फोनच्या माहितीत जाऊन 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडावे लागतात आणि तिथे ते अॅप खोटे ठिकाण देणारे म्हणून नेमून द्यावे लागते. मी ते केले आणि दोन तास संभाजीनगरच्या क्रांती चौकात राहिले. संध्याकाळी किराणा दुकानात पैसे द्यायला फोन काढला, तर पैशांचे अॅप उघडेचना. डेव्हलपर ऑप्शन्स चालू असल्यामुळे सुरक्षिततेसाठी बंद, अशी सूचना त्यावर आली. ही खबरदारी काही बँकांची अॅप्स घेतात हे मला माहीत होते, ग्राहकांना मी स्वतः समजावून सांगितले आहे, आणि तरीही पाठीमागे रांग लागलेली असताना मी मान खाली घालून पर्समधल्या चिल्लरची जुळवाजुळव करत होते. शिवाय काही डेटिंग अॅप्स असे नकली ठिकाण ओळखून खाते बंदही करतात. तो नाद मी त्याच रात्री सोडला.

राहिला तो सरळ मार्ग, म्हणजे अॅपमधलीच ठिकाण बदलण्याची सोय. टिंडरमध्ये तिला पासपोर्ट म्हणतात; २०१५ पासून ती पैसे भरणाऱ्यांसाठी आहे, आणि २०२० च्या एप्रिलमध्ये सगळे जग घरात कोंडलेले असताना ती काही आठवडे सर्वांना फुकट दिली होती. बंबलच्या ट्रॅव्हल मोडमध्ये निवडलेल्या शहराच्या मध्यभागी आपल्याला ठेवले जाते आणि आपण प्रवासी आहोत अशी खूण प्रोफाइलवर दिसते. हिंजमध्ये आपली वस्ती आपणच नकाशावर पिन सरकवून ठरवतो. मी ज्या अॅपचे पैसे भरले त्याचे नाव लिहीत नाही, कारण पुढे जे घडले त्यात त्याची चूक किती आणि माझी किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पहिली चूक तर निर्विवाद माझी होती. शहराचे नाव बदलले असले तरी बोटांना जुनीच सवय होती. मी शोधपट्टीत 'औरंगाबाद' लिहिले, पहिला पर्याय दाबला आणि निश्चिंत मनाने झोपी गेले. सकाळी समोर येणारे सगळे चेहरे अनोळखी होते, याचा मला फार आनंद झाला. पाचव्या-सहाव्या माणसाच्या माहितीत पाटण्याचे कॉलेज दिसले, सातव्याने छठपूजेच्या घाटावरचा फोटो लावला होता, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की औरंगाबाद नावाचा एक जिल्हा बिहारमध्येही आहे आणि मी रात्रभर तिथे मुक्कामाला होते.

पिन योग्य गावात हलवल्यावर मात्र महिनाभर फार बरे गेले. मग महिना संपला. मुदत संपल्याची सूचना मेलवर आली असावी, मी ती पाहिली नाही. रात्री नेहमीसारखे अॅप उघडले आणि त्याने काहीही न सांगता मला पुन्हा परभणीत, माझ्या घरात आणून बसवले. दुसऱ्या दिवशी दुपारी सहकाऱ्याचा धाकटा भाऊ त्याला डबा द्यायला शाखेत आला आणि जाताना माझ्या टेबलापाशी रेंगाळून हळूच म्हणाला, "ताई, तुमचा फोटो छान आलाय." कोणता फोटो, हे मी विचारले नाही. तो तिथे होता म्हणूनच त्याला मी दिसले होते, हे त्यालाही माझ्या चेहऱ्यावरून कळले असावे, कारण तो एकदम लाल झाला आणि डबा तसाच हातात घेऊन बाहेर पडला. झाकली मूठ दोघांचीही होती. आजपर्यंत त्याने ती उघडलेली नाही, मीही नाही. आता मुदत संपण्याच्या दोन दिवस आधीचा गजर मी फोनमध्ये लावून ठेवला आहे, त्याला नाव दिले आहे 'गॅस'.

मात्र त्या पहिल्या महिन्यातच एकाशी ओळख झाली, आणि या सगळ्या खटपटीत मी ज्याचा विचारच केला नव्हता तो प्रश्न त्याने उभा केला. तो संभाजीनगरच्या सिडकोत राहतो. अकरा दिवस आम्ही रोज बोललो. बाराव्या दिवशी, बुधवारी, त्याने सहज लिहिले की संध्याकाळी कॅनॉटला कॉफी घेऊ, तू चारच किलोमीटरवर दिसतेस. मी सहा वाजेपर्यंत उत्तर दिले नाही आणि मग लिहिले की मी परभणीला आहे. त्याचे उत्तर यायला दोन दिवस लागले: "म्हणजे सुरुवातच खोट्याने झाली."

मला राग आला. मुलीने आपला पत्ता बाजारात मांडू नये असे लहानपणापासून ऐकवणाऱ्या समाजात मी तो मांडला नाही, एवढाच माझा गुन्हा होता, असे मी त्याला सविस्तर लिहून कळवले. पाठवल्यानंतर मी आमचे अकरा दिवसांचे संभाषण वर जाऊन पुन्हा वाचले. त्यात मी एकही वाक्य खोटे लिहिलेले नव्हते. 'इकडे' हा शब्द मात्र फार वापरला होता. 'इकडे आज फार ऊन आहे', 'इकडे लाइट गेली', 'इकडे सीताफळे आली आहेत'. प्रत्येक 'इकडे' मी परभणीतून लिहिले होते आणि त्याने ते सिडकोत बसून वाचले होते.

तेव्हा मला बायोडाटा आठवला. ताईच्या लग्नाच्या वेळी बाबांनी जो टाइप करून घेतला होता, त्यात 'मूळ गाव', 'सध्याचे वास्तव्य' आणि 'नोकरीचे ठिकाण' असे तीन स्वतंत्र रकाने होते. बायोडाट्यातल्या पुष्कळ गोष्टींवर मी एरवी हसते, रास आणि नाडीवर तर हसतेच, पण ज्याने कुणी हे तीन रकाने पाडले त्याला मराठवाडा ठाऊक होता. आमच्याकडची निम्मी तरुण माणसे शेत एका तालुक्यात, आईवडील दुसऱ्या गावात आणि पोटापाण्याचा धंदा पुण्याला अशीच राहतात. अॅपकडे यासाठी एकच पिन आहे आणि ती आपला फोन कुठे आहे एवढेच सांगते. म्हणून ती हलवण्यात काही गैर आहे असे मला आजही वाटत नाही. पण बायोडाट्यात दुसरा रकाना भरताना पहिला खोडला जात नाही. मी तो खोडला होता, आणि गावापासून लपताना या एका माणसापासूनही लपले होते, जो गावातला नव्हता.

आता माझी पिन क्रांती चौकातच असते, पण माहितीच्या पहिल्या ओळीत मी लिहिले आहे: 'राहते मराठवाड्यातच, पण संभाजीनगरला नाही, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी तिथे असते.' कोणते गाव, हे मी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या बोलण्यात सांगते. या ओळीमुळे प्रतिसाद कमी झाले. दुसरा आणि चौथा शनिवार वाचून 'बँकेत आहेस का' असे विचारणारे मात्र वाढले, आणि ते ओळखण्याइतके लक्ष देऊन वाचणाऱ्यांशी बोलायला बरे वाटते.

त्याला मी पुन्हा लिहिले ते मात्र फार लहान होते: चौथ्या शनिवारी तपोवन एक्सप्रेसने येते आहे, ताईकडे उतरणार आहे, भेटायचे असेल तर दुपारनंतर कॅनॉटला भेटू. ताईला सगळे सांगून ठेवले होते. कुठे, कुणाला आणि किती वाजेपर्यंत हे एका माणसाला माहीत असल्याशिवाय मी कुणालाही भेटत नाही. त्याचे उत्तर 'बरं' एवढेच आले.

त्या शनिवारी गाडी मानवत रोड आणि सेलू ओलांडून परतूरला येईपर्यंत मी अॅप उघडले नाही, कारण तोवर आपण परभणी जिल्ह्यातच असतो आणि सवय लवकर जात नाही. परतूर गेल्यावर मी विकत घेतलेले ठिकाण बंद करून खरे ठिकाण चालू केले. त्याच्या नावाखालचा ४ जाऊन तिथे ९० आला. मी फोन बाजूला ठेवून भुईमुगाच्या शेंगा घेतल्या, शेजारच्या आजींना दिल्या आणि जालना आल्यावर पुन्हा पाहिले, तेव्हा ५५ झाला होता. तेवढ्यात त्याचा निरोप आला: "५५ दाखवतंय. हा तरी खरा आहे का?"

मी खिडकीतून हात बाहेर काढून फलाटावरच्या पिवळ्या पाटीचा फोटो घेतला आणि त्याला पाठवला.