बँकॉकमध्ये स्वस्तात कुठे जेवायचं? तुम्ही विचारलंत म्हणून

बँकॉकचं तिकीट काढलं की नातेवाईक, मित्र, मित्रांचे मित्र, सगळ्यांचा मला तोच मेसेज येतो: "तू तिथेच राहतेस ना, मग एखाद्या स्वस्त आणि मस्त थाई हॉटेलचं नाव सांग." मी नाव सांगत नाही आणि लोकांना तो शिष्टपणा वाटतो. पण मी जिथे जेवते त्यातल्या निम्म्या ठिकाणांची पाटी तुम्हाला वाचता यायची नाही. आणि तसं दुकान जवळजवळ प्रत्येक गल्लीत असतंच, मग एकाच नावासाठी शहर कशाला पालथं घालायचं?

शोधायचं ते 'आहान ताम सांग'चं दुकान, म्हणजे सांगाल ते करून देणारं. एक गाळा, रस्त्याकडे तोंड करून मांडलेली शेगडी, काचेच्या कपाटात कोबी, बेबी कॉर्न आणि कच्चं मांस-मासळी, बाजूला अंड्यांचे ट्रे. बसायला प्लॅस्टिकची स्टुलं. भातावर एक पदार्थ साधारण 50 ते 70 बाट, म्हणजे दीडशे रुपयांच्या आसपास. शेजारी 'खाव केंग'चं दुकानही दिसेल. तिथे कालवणं आधीच करून ट्रेमध्ये मांडलेली असतात, बोट दाखवायचं आणि ती भातावर वाढतात. घाईत असाल तर झकास, पण जेवण कोमट मिळतं आणि आपल्या लोकांचं निम्मं मन तिथेच उडतं.

पहिल्यांदा गेलात तर पॅड थाई मागू नका. त्याच्या गाड्या बहुधा वेगळ्या असतात. शिवाय हा पदार्थ घराघरांत पोचला तो पिबूनसोंग्राम पंतप्रधान असताना, सरकारी प्रचारातून. वाईट नाही, पण इथला माणूस रोज दुपारी खातो ते पॅड क्रापाव. ते होताना शेगडीजवळ उभं राहून बघा. लसूण आणि बोटाच्या पेराएवढ्या मिरच्या खलात ठेचून कढईतल्या तापल्या तेलात पडतात आणि असा खाट उठतो की रस्त्यावरून जाणाराही खोकतो. मग खिमा, ऑयस्टर सॉस, माशाचं पाणी म्हणजे नाम प्ला, किंचित साखर. शेवटी गॅस बंद करता करता मूठभर क्रापावची पानं. दुसरीकडे भरपूर तेलात अंडं सोडलेलं असतं, कडा तपकिरी कुरकुरीत आणि बलक पातळ. हे अंडं, खाय दाव, वेगळं सांगावं लागतं. दहा बाट जास्त पडतात, पण ते वाचवू नका.

क्रापाव ही आपली तुळसच, वनस्पतिशास्त्रातलं नावसुद्धा तेच. वृंदावनातली तुळस डुकराच्या खिम्यात घालतात हे कळल्यावर माझ्या मावशीने कानाला हात लावले. मग तिच्यासाठी टोफू घालून केलेली प्लेट मात्र तिने चाटूनपुसून संपवली.

आता शाकाहारी मंडळींचा प्रश्न, कारण नावाच्या मागोमाग तो येतोच. छापील मेन्यूच्या मोठ्या हॉटेलपेक्षा या दुकानात तुमची सोय बरी लागते, कारण प्रत्येक प्लेट वेगळी परतली जाते. "माय साय नाम प्ला" म्हणालात की माशाचं पाणी वगळतात. ऑयस्टर सॉसचंही आठवणीने सांगा, म्हणजे "माय साय नाममान हॉय". पण कढई तीच असते. ते चालत नसेल तर पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं दिसतील ते 'जे'चं दुकान गाठा. तिथे मांस-मासे, अंडी, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. जैन मैत्रिणींना मी सरळ तिकडे पाठवते, फक्त कंदमुळांचं तेवढं विचारून घ्या म्हणते.

तिखटाचं म्हणाल तर आपल्या ठेच्याच्या बढाया बाजूला ठेवा. "फेत नित नोय", थोडंच तिखट, असं सांगूनही डोळ्यांतून पाणी येऊ शकतं. टेबलावर चार वाट्यांचा संच असतो: मिरच्या घातलेलं नाम प्ला, मिरचीचं व्हिनेगर, लाल मिरचीची पूड आणि साखर. साखर बघून हसू नका. नूडल्सच्या वाडग्यात लोक ती चमच्याने घालतात आणि चव खरंच जुळून येते. भात चमच्याने खायचा, काटा डाव्या हातात, घास चमच्यावर ढकलण्यापुरता. चॉपस्टिक मागू नका, त्या नूडल्ससाठी असतात.

स्वयंपाक करणारी बाई वयस्क असेल तर "पा" म्हणा, म्हणजे मावशी. तरुण असेल तर "फी", म्हणजे ताई. टिपेची अपेक्षा नसते. ऑफिसांच्या भागातली बरीच दुकानं दुपारनंतर आवरतात, त्यामुळे बाराच्या गर्दीच्या जरा आधी गेलेलं बरं. आणि साठ बाटांसाठी हजाराची नोट पुढे करू नका. तेवढीच असेल तर आधी जवळच्या सेव्हन-इलेव्हनमधून पाण्याची बाटली घेऊन नोट मोडून आणा.