तुम्ही विचारलंत म्हणून: तुमच्याकडे पाणी असतं का हो?

पुण्यात ओळख झाली की गाव विचारतात. लातूर म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "बापरे, मग पाण्याचं कसं करता?" स्वर इतका हळवा असतो की रागही येत नाही.

रेल्वेची गोष्ट खरी आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची गाडी आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टँकरच्या रांगेत आपली घागर ओळखू यावी म्हणून लोक तिच्यावर ऑइलपेंटनं नाव घालत. पण त्याच वर्षीच्या पावसाळ्यात लातूरला पाणी देणारं मांजरा धरण भरलं, त्याचा फोटो कुणी जपून ठेवलेला नाही. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पुरानं पिकं आडवी झाली, शेतात गुडघाभर पाणी होतं, तेव्हाही एका स्नेह्यांनी फोन करून विचारलं, "यंदा टँकर सुरू झाले का?"

पाऊस कमी, बेभरवशाचा, हे कबूल. पण नळ कोरडे पडायला एकटं आभाळ कारणीभूत नव्हतं. नदीकाठानं ऊस पसरला, कारखाने उभे राहिले, आणि वर्षभर पाणी पिणारं पीक तुटीच्या मुलखात राजा झालं. यावर बोलायचं तर आमच्या पुढाऱ्यांना अडचणीचं जातं, म्हणून सगळे वरुणराजाकडे बोट दाखवतात.

शिवाय पाणी आणायची अक्कल इथं कालपरवा आलेली नाही. मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा, गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. त्यानं 1610 च्या सुमारास खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि डोंगरातलं पाणी नहरीतून, जमिनीखालून, निव्वळ उतारावर शहरात आणलं. मोटार नाही, वीज नाही. (आफ्रिकेतून आलेला माणूस आम्हाला पाणी देऊन गेला, हे शाळेत आम्हाला एका ओळीत उरकलं होतं.)

आणि खरं सांगू, मला पाण्यापेक्षा सोयाबीनबद्दल विचारलेलं आवडेल. आमचं बहुतेक रान जिरायती. तूर, हरभरा, सोयाबीन यावर घरं चालतात. हंगामात लातूरच्या आडत बाजारात सकाळी या. ढिगाऱ्यात कोपरापर्यंत हात घालून खरेदीदार आतला माल वर काढतो, कारण वरचा दाखवायचा असतो. मूठ उघडून काडी-माती फुंकतो, एक दाणा दाताखाली धरतो. कट्कन फुटला तर माल वाळलेला. नुसता दबला तर ओल, आणि भाव तिथंच उतरला. ओल मोजायची मशीन शेजारीच असते, पण आधी दात. शेतकरीही तोवर त्याच ढिगातला दाणा चावून तयार असतो, आणि मग दोघांची जी जुंपते ती ऐकण्यासारखी असते.