बिलाच्या तळाशी सुरत

आमच्या मावसांचं अमळनेरला साड्यांचं दुकान आहे, माल बहुतेक सुरतेचाच, गाडी तिकडूनच जाते त्यामुळे सकाळी जाऊन रात्री परत. पण हल्ली सगळं फोनवर. तर दिवाळीच्या आधी एक पार्सल आलं, उघडलं तर आतल्या निम्म्या साड्यांना ओल लागून पिवळे डाग. एक लाख ऐंशी हजारांचा माल, पैसे आधीच गेलेले आणि समोरचा व्यापारी म्हणे ट्रान्सपोर्टवाल्याला विचारा.

मावसा तडक म्हणाले, अमळनेर कोर्टात खेचतो. धुळ्याला माझा मित्र वकिली करतो, त्याच्याकडे बिल नेलं तर त्याने डाग वगैरे काही न बघता आधी बिलाचा तळ बघितला. बारीक अक्षरात छापलेलं, सब्जेक्ट टू सुरत ज्युरिसडिक्शन, म्हणजे भांडण झालं तर सुरतेच्या कोर्टात. 'मावसा, इथे अडतंय.'

मग त्याने विचारलं, फोन कोणी केला होता? मावसांनी. आणि 'भेज देते है' कोण म्हणालं? सुरतवाला. म्हणजे होकार ऐकू आला अमळनेरला, तर करार अमळनेरला झाला, म्हणून दावाही इथे टाकता येतो! मला वाटलं थट्टा करतोय, पण खरंच असा निकाल आहे, 1965 चा, सुप्रीम कोर्टाचा, तोही आपल्या शेजारच्या खामगावचा. अहमदाबादच्या पार्टीने खामगावच्या जिनिंगवाल्याला फोन करून सरकी पेंड मागवली होती, होकार अहमदाबादेत ऐकू आला म्हणून दावा तिकडे चालला. पत्राने झाला असता तर गणित वेगळं, तिथे होकार पोस्टात पडला की करार.

एवढं असूनही तळाची ओळ जड पडते. दोन-तीन गावांच्या कोर्टांना अधिकार असेल तर त्यातलं एक दोघांनी आधीच ठरवून घेता येतं, पण ज्या गावाचा व्यवहाराशी काही संबंधच नाही ते लिहून चालत नाही. आणि 2013 च्या सुप्रीम कोर्टाच्या स्वस्तिक गॅसेस निकालापासून तर 'फक्त अमुक गावचं कोर्ट' यातला 'फक्त' हा शब्द नसला तरी चालतो, या कंपनीच्या करारात कोलकाता लिहिलं होतं, ते जयपूरला गेले, परत पाठवले. आपली बाजू एवढीच की बिल मालासोबत नंतर आलं, फोनवर असं काही ठरलं नव्हतं. समोरचा म्हणणार, दहा वर्षं हीच बिलं गुपचूप घेतलीत ना.

ग्राहक मंचात, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगात? मावशीने बंगळुरूहून मिक्सर मागवला तर ती 2019 च्या कायद्याने जळगावात तक्रार करू शकते, मावसांनी माल विकायला घेतला म्हणून ते ग्राहकच नाहीत.

मी विचारलं, सुरतेत गुजरातचा कायदा लागेल का? हसला. कराराचा 1872 चा, मालविक्रीचा 1930 चा, दोन्हीकडे तेच. कोर्ट कुठलं आणि कायदा कुठला हे दोन वेगळे प्रश्न, दुसरा पेटतो तो रावेरची केळी दुबईला जातात तेव्हा. करारात कायदा लिहिला असेल तर सहसा तोच, नसेल तर करार कुठे झाला, माल कुठे द्यायचा, पैसे कुठल्या चलनात हे सगळं बघून सर्वात जवळचा संबंध कुठल्या देशाशी ते कोर्ट ठरवतं. आणि तिकडचा कायदा आपल्या जज्जला माहीत आहे असं धरत नाहीत, तज्ज्ञ आणून साक्षीपुराव्याने सिद्ध करावा लागतो. मुदत मात्र दावा इथे टाकला तर इथलीच.

शेवटी निम्म्या पैशांवर मिटवलं. निघताना मित्राने सहज मावसांचं बिलबुक मागितलं. प्रेसवाल्याने सुरतेचं बिल नमुना म्हणून घेतलं होतं, खालची ओळ तशीच्या तशी. म्हणजे अमळनेरच्या बायकांना अमळनेरच्या दुकानातून साडी विकायची आणि भांडायला जा म्हणायचं सुरतेला. मावशी अजून हसतेय.