तुम्ही विचारलंत म्हणून : आवडीनंच शिकायचं, मग गणिताचं काय?

घरी शिकणारं मूल, वेळापत्रक नाही, ज्यात रमेल तेच करतं. मग त्याचं गणित कसं होणार? हा प्रश्न इतक्यांदा येतो की एकच आवड घेऊन नीट उत्तर द्यावं. ती आवड म्हणजे पाऊस.

समजा, नऊ-दहा वर्षांच्या मुलीनं जूनमध्ये विचारलं, "आज किती पाऊस पडला?" लगेच पुस्तक काढू नका. दोन लिटरची, सरळ अंगाची प्लॅस्टिकची बाटली द्या. कमरेत चिमटलेली नको, तिच्यात एक मिलिमीटर सगळीकडे सारखा भरत नाही. बाटली निमुळती व्हायला लागते तिथे कापायची आणि झाकण काढून वरचा भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा. तळ खडबडीत असतो, म्हणून आत खडे टाकून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरायचं. तिथे शून्याची रेघ मारून, तिथूनच वर मिलिमीटरची पट्टी चिकटवायची. खड्यांच्या वजनानं बाटली वाऱ्यात पडत नाही.

बाल्कनीत ठेवली तर आकडा हमखास चुकतो. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर, उघड्यावर ठेवावी. मोजायचं रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. वेळ बदलली की पेपरातल्या आकड्याशी तुलना करता येत नाही. मोजल्यावर पाणी पुन्हा शून्याच्या रेघेवर आणायचं. उघडिपीत ते वाळून खाली जातं, तेव्हा थोडं घालावं लागतं.

आता गणित. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. १००० चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर, तिच्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला की ९३० लिटर पाणी. क्षेत्रफळ, एककांचं रूपांतर आणि दशांश इथे एकाच हिशेबात येतात, आणि उत्तर खरं हवं असल्यामुळे मूल ते पुन्हा तपासून बघतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. दाराच्या चौकटीवर जमिनीपासून ९४ सेंटिमीटरवर खूण करून तिला शेजारी उभं करा.

घोटाळा बहुतेक वेळा मोठ्यांच्या उत्साहानं होतो. मुलानं एक प्रश्न विचारला की आपण लगेच तक्ता, आलेख आणि निबंध पुढे करतो, आणि तिसऱ्या दिवशी बाटली कोपऱ्यात जाते. आलेखाचा कागद टेबलावर ठेवावा आणि गप्प बसावं. हे फार अवघड आहे, पण सगळं याच्यावर अवलंबून आहे. ऑगस्टमध्ये तिनं चार दिवस मोजलं नाही, तर तिच्यावतीनं मोजू नका. महिन्याची सरासरी काढताना त्या रिकाम्या चौकटींत शून्य लिहायचं का, हा प्रश्न तिला पडेलच. शून्य पाऊस आणि न मोजलेला पाऊस या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या चार दिवसांमुळे पक्कं कळतं.

बीजगणित मात्र बाटलीतून येत नाही. आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटं, काय विचारलं आणि काय केलं याची तारीखवार नोंद मोठ्यांनी ठेवावी. तीन महिन्यांनी ती वाचली की कशाला हातच लागलेला नाही ते दिसतं. तेवढ्यासाठी, मुलाशी बोलून, रोजची वीस मिनिटं ठरवावीत. बाराव्या-तेराव्या वर्षी हे सुरू केलं तरी चालतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसायला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. विषय पाच, त्यांत निदान एक भाषा, आणि ते एकाच वेळी न देता टप्प्याटप्प्यानं देता येतात. तिथे गणित सक्तीचं नाही, पण मुलाला पुढे विज्ञान शाखेकडे जायचं असेल तर ते आधीच घ्या. राज्य मंडळाची दहावी हवी असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. त्याची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते, तेव्हा पावसाळ्यातच चौकशी करून ठेवा.