सिझर की नॉर्मल, हा प्रश्न दुसरा

गरोदर बाईचं बीपी वाढलंय असं सांगितलं की बाहेर बाकावर बसलेल्यांचा प्रश्न ठरलेला असतो. "मग सिझर करावं लागणार का?" कुणी भीतीने विचारतं, कुणी घाईने. "बाळंतपण कधी करायचं?" हे मात्र सहसा कुणी विचारत नाही, आणि आम्हा डॉक्टरांचं डोकं तर सगळं त्यातच अडकलेलं असतं. या आजाराचं मूळ बाळाला पोसणाऱ्या वारेत. गोळ्यांनी बीपीचा आकडा खाली येतो, मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती कमी होते, पण आजार आत चालूच राहतो. वार बाहेर पडल्याशिवाय त्याला उतार नाही. म्हणून आधी दिवस ठरवायचा, रस्ता त्यानंतर.

ही पोरगी आली ती ९ तारखेला. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची खास तपासणी असते, २०१६ पासून. त्या दिवशी आमच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसते. खानापूर-आटपाडीकडचा भाग. घरटी एक तरी माणूस गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला परमुलखात. हिचाही नवरा तिकडे तमिळनाडूत. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आलेली. चौतिसाव्या आठवड्यात बीपी १४४/९४ लागलं होतं, तेव्हापासून लॅबेटालॉलच्या गोळ्या सुरू होत्या आणि तिच्या कार्डावर जोखमीचं लाल स्टिकर होतं.

आता सदतीस आठवडे पूर्ण. सिस्टरने बीपी घेतलं, १५६/१०२. मी तिला शेजारच्या खोलीत खुर्चीला पाठ टेकवून बसवलं, पाय जमिनीवर, बोलणं बंद. पंधरा मिनिटांनी स्वतः घेतलं. १५०/१००. लघवीत प्रथिनं दोन प्लस. डोकेदुखी नाही, डोळ्यांपुढे अंधारी नाही, पोटात वरच्या बाजूला कळ नाही. लिव्हरचा रिपोर्ट बरा. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट १ लाख ४६ हजार. तशा पुरेशा, पण तीन आठवड्यांपूर्वी त्या २ लाख १० हजार होत्या, आणि मला ती घसरण आवडली नाही. बाळ जरा बारीक, पण डोकं खाली आणि ठोके छान.

आता वाट बघण्यात बाळाचा काही फायदा उरला नव्हता आणि आईचा तोटा मात्र रोज वाढणार होता. "हिला आजच भरती करू, कळा आणायच्या मागे लागू," एवढं मी म्हटलं आणि दरबार भरला.

आई म्हणाली, "तिला कळाच नाहीत अजून. माझी तिन्ही घरात झाली, आपसूक. फळ पिकलं की पडतंय." सासूबाई गावाहून मुद्दाम आलेल्या. त्यांचं बरोबर उलटं. "बाई, कशाला जिवाशी खेळ? फाडा आन् मोकळी करा." मामा म्हणाले, मिरजेला नेऊ. नवरा व्हिडिओ कॉलवर, मागे भट्टीचा आवाज. "मॅडम, पैशाचं बघू नका, सांगलीत प्रायव्हेटला सिझर करू. त्यात बीपीचा धोका नाही ना?"

हा गैरसमज मला रोज भेटतो. सिझर म्हणजे सुरक्षित, नॉर्मल म्हणजे नशिबावर. खरं तर बीपीच्या बाईला सिझरमध्ये रक्तस्राव जास्त, पायात रक्ताची गाठ व्हायची भीती जास्त, आणि पुढच्या प्रत्येक बाळंतपणाला गर्भपिशवीवरचा व्रण सोबत. शिवाय सिझर केलं म्हणून बीपी टेबलावरच उतरत नाही, दोन्हीकडे नंतरचे दिवस सारखेच जपावे लागतात. पण घाईच असेल, बाळाचे ठोके पडत असतील, पिशवीचं तोंड उघडतच नसेल, तर सिझरसारखा उपाय नाही, आणि तेव्हा मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

उलट बाजूही सांगितली. पिशवीचं तोंड अजून घट्ट होतं. कळा आणायच्या म्हणजे दिवसभर, कदाचित दोन दिवस. इतकं करून सिझर लागू शकतं. मिरज दीड-दोन तासांवर. बीपी चढलं तर तो रस्ता रात्री काटायला नको, त्यामुळे जायचं असेल तर आत्ताच उजेडात जा. आमच्याकडे रक्त साठवायची सोय आहे, भूलतज्ज्ञ बोलावल्यावर अर्ध्या तासात येतात, पण अतिदक्षता विभाग नाही. हे सगळं तोंडावर सांगितलेलं बरं. नेदरलँड्समध्ये ३६ आठवडे झालेल्या अशाच ७५६ बायकांचा एक अभ्यास झाला होता, २००९ साली छापून आला. ज्यांना कळा आणल्या त्यांच्यात आईची तब्येत बिघडायचं प्रमाण ३१ टक्के, ज्यांची वाट बघितली त्यांच्यात ४४. आणि सिझर कळा आणलेल्यांत वाढलं नाही, १४ टक्के, वाट बघितलेल्यांत १९. मामांना आकडे पटतात, म्हणून त्यांना हे सांगितलं.

एवढ्या बोलण्यात ती स्वतः एक अक्षर बोलली नव्हती. सगळ्यांना बाहेर काढलं आणि तिला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"फिट आली तर बाळाला काय होतं, मॅडम?" चुलत नणंदेला झटके येताना तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. झटका आला तर बाळाला ऑक्सिजन कमी पडतो, ठोके मंदावतात. झटका येऊ नये म्हणून औषध आहे, आणि ते फळीवर समोरच ठेवलंय, हे सांगितलं. मग जरा थांबून म्हणाली, "मी पोलीस भरतीची तयारी करत होते. लग्नाआधी आठशे मीटर चांगलं बसत होतं. सिझर झालं तर पळता येत नाही म्हणतात."

सिझर झालेल्या बायका पळतात, हे तिला सांगितलं. फक्त सावरायला वेळ जास्त लागतो. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली, की घरातल्या कुणालाही हे माहीत नव्हतं. तिला नॉर्मल हवं होतं, पण आईच्या कारणासाठी नव्हे. आमचं ठरलं: इथेच भरती, कळा आणायच्या, आणि कुठल्या तीन गोष्टी झाल्या तर लगेच सिझर, ते आधीच कागदावर. बाळाचे ठोके बिघडले, प्लेटलेट लाखाच्या खाली गेल्या, किंवा कळा चांगल्या येऊनही तोंड पुढे सरकेना. सही तिची. सासूबाईंना हे विशेष वाटलं. "आमची बी घ्या की," म्हणाल्या. घेतली.

संध्याकाळी सातला फुगा बसवला. रबरी नळीचा फुगा पिशवीच्या तोंडातून आत नेऊन पाण्याने भरायचा, तोंड हळूहळू सैल होतं. औषध पोटात जात नाही, म्हणून मला हा प्रकार आवडतो. (आणि हो, मीठ. आईने घरी महिनाभर अळणी जेवण दिलं होतं. या बीपीला त्याचा उपयोग नसतो. तिने त्या रात्री डाळभात मीठ घालून खाल्ला आणि चेहरा खुलला.)

एकच्या सुमारास फुगा पडला. तोंड तीन सेंटिमीटर. पाणमोट फोडली, पाणी स्वच्छ, कळा वाढवायला ऑक्सिटोसिनची सलाईन लावली. साडेतीनला सिस्टर धावत आली. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे. बीपी १७२/११४.

शिरेतून लॅबेटालॉल २० मिलिग्रॅम. दहा मिनिटं घड्याळाकडे बघत थांबायचं, ती फार लांब असतात. १६६/११०. मग ४०. त्यानंतर १४८/९६. मधल्या वेळात झटका टाळायचं ते औषध, मॅग्नेशियम सल्फेट, ४ ग्रॅम शिरेतून सावकाश, ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत. अंगात आग होते, ती ओरडली, "पेटलंय सगळं!" २००२ साली एका मोठ्या अभ्यासात या स्वस्त औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आणल्याचं दिसलं, तेव्हापासून त्याबद्दल वाद उरलेला नाही. पण जास्त झालं तर श्वास थांबवतं. म्हणून सिस्टर हातात हातोडी घेऊन गुडघा ठोकून बघत होती, पाय उडतो ना. मिनिटाला श्वास किती, लघवीच्या पिशवीत किती, सगळं दर तासाला तक्त्यावर. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची इंजेक्शनं तोडूनच ट्रेमध्ये.

दाराशी सासूबाई. "आता तरी करा की सिझर!" खरं सांगते, त्यांचा आवाज रास्त होता. भूलतज्ज्ञांना मी आधीच उठवलं होतं, ते येऊन हातपाय धुऊन बसले होते. तपासलं. तोंड सहा सेंटिमीटर, डोकं खाली आलेलं, ठोके १४०. ताजा रिपोर्ट, प्लेटलेट १ लाख १८ हजार. कागदावरच्या तिन्हींपैकी एकही गोष्ट झाली नव्हती, आणि बीपी आवाक्यात आलं होतं. फाडायला घेऊन बाळ बाहेर येईपर्यंत जो वेळ गेला असता, त्यात ती कदाचित तशीच बाळंत झाली असती. मी तिच्याकडे बघितलं. मॅग्नेशियमने गुंगी होती, तरी म्हणाली, "चालू द्या."

पावणेसातला मुलगी झाली. २ किलो १५० ग्रॅम, रडली ती व्हरांड्यात ऐकू गेली. शेवटी जोर कमी पडला म्हणून व्हॅक्यूम लावावा लागला. वार पडताना ऑक्सिटोसिन दिलं. रक्तस्राव थांबवायचं मेथर्जिन बीपीच्या बाईला चालत नाही, म्हणून ती कुपी रात्रीच ट्रेमधून काढून ठेवली होती. भूलतज्ज्ञ चहा न घेताच गेले.

घरच्यांना वाटलं संपलं. तिसऱ्या दिवशी पिशव्या भरून तयार. पाचवी घरी करायची, सुईण सांगून ठेवलेली. पण बाळंतपणानंतर बीपी सगळ्यात वर जातं तेच मुळी तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या आसपास, आणि झटके घरी गेल्यावरही येतात. चौथ्या दिवशी सकाळी १५८/१०४ निघालं, तेव्हा पिशव्या परत उघडल्या. नवरा एव्हाना रेल्वेने आला होता. पाचवीच्या रात्री खाटेखाली पाटा-वरवंटा कुठून आला, हे मी विचारलं नाही, सिस्टरनेही सांगितलं नाही.

गोळी बदलली, बाळ अंगावर पीत असताना चालणारी. सातव्या दिवशी १३४/८६ वर सोडलं. कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: दहा दिवस आशाताईंकडून रोज बीपी, डोकं दुखलं तर गोळी घेऊन झोपायचं नाही, थेट इकडे यायचं, पुढच्या खेपेला बाराव्या आठवड्यापासून अ‍ॅस्पिरिन, आणि दरवर्षी एकदा बीपी, कारण अशा बायकांना पुढे बीपी जडायची शक्यता इतरांपेक्षा जास्त. तिने पानाचा फोटो काढून घेतला. नवऱ्याने विचारलं, गोळ्या आयुष्यभर का? तिने विचारलं, मैदान कधी?

"दोन्हींचं सहा आठवड्यांनी बीपी बघून सांगते," म्हटलं. तोवर चालायला हरकत नाही.