कॅलरी, कढई आणि 'एक वाटी': माझा अनुभव

कॅलरी मोजायच्या अ‍ॅपमध्ये 'एक वाटी आमटी', 'एक वाटी भाजी' असं लिहायची सोय ज्यांनी दिली, त्यांनी ठाण्यातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात येऊन वाट्या बघाव्यात. आमच्या मांडणीत पाच मापांच्या वाट्या आहेत. सगळ्यात लहानीत काठोकाठ ९० मिली पाणी मावतं, मोठीत २२०. वजन उतरवायला घेतलं आणि माझे तीन आठवडे असल्या अंदाजाच्या मापांपायी वाया गेले, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

दिवसाला किती कॅलरी लागतात ते काढायच्या सूत्राचा भाग सोपा आहे, तो आधी उरकते. मिफ्लिन-सेंट जिओर हे १९९० सालचं सूत्र घ्या. किलोमधलं वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. बायकांनी यातून १६१ वजा करायचे, पुरुषांनी ५ मिळवायचे. माझं वजन ७४, उंची १५८, वय ४२ घेतलं तर बाईसाठी १,३५७ येतात. दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी शरीर एवढं जाळतं. आता याला हालचालीच्या गुणकाने गुणायचं: बैठं काम १.२, थोडी हालचाल १.३७५, मध्यम १.५५.

इथे बहुतेक जण पहिली चूक करतात. घोडबंदर रोडवरून बस पकडून स्टेशन गाठायचं, पुलाचे जिने चढायचे, गर्दीत उभ्याने सीएसएमटी गाठायचं आणि संध्याकाळी तेच उलटं. इतकं केल्यावर आपण 'मध्यम'च्या खाली असूच कसे, असं वाटतं. पण दमणं वेगळं आणि कॅलरी जळणं वेगळं. गाडीत उभं राहून जीव मेटाकुटीला येतो, कॅलरी मात्र किरकोळच जातात. १.५५ म्हणजे आठवड्यातले तीन ते पाच दिवस घाम निघेल असा नेमाने व्यायाम. वरच्याच आकड्यांवर १.२ धरलं तर १,६२८ येतात, १.५५ धरलं तर २,१०३. फरक पावणेपाचशेचा. वजन उतरवायला रोज जेवढं कमी खायचं ते सगळं या एका चुकीत जातं. ऑफिसात बसून काम आणि रोज अर्धा-पाऊण तास पायी चालणं असेल तर १.३७५ पुरे. त्याने १,८६५ आले.

यातून ३०० ते ५०० कमी करायचे. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे रोज ४०० कमी खाल्ले तर आठवड्याला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. हा वेग कमी वाटतो, पण टिकतो. बायकांनी १,२०० च्या आणि पुरुषांनी १,५०० च्या खाली डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय जाऊ नये. मधुमेहाचं इन्सुलिन किंवा साखर झपकन उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर हे गणित स्वतःच्या मनाने करूच नका. एका दवाखान्यात मला आहाराचा झेरॉक्स काढलेला कागद मिळाला. वर ठळक अक्षरात १,२०० कॅलरी, खाली दोन फुलके, एक वाटी वरण, एक वाटी भाजी. माझ्या पुढच्या सहा फूट उंच गृहस्थांच्या हातातही तोच कागद होता. उंची विचारली नाही, वजन विचारलं नाही, आणि वाटी केवढी ते कागदावरही नव्हतं!

तर माझा आकडा ठरला १,४५०. अ‍ॅपमध्ये रोज १,४५० च भरत होते आणि तीन आठवडे काटा जागचा हलला नाही. अशा वेळी लोक म्हणतात, चयापचय मंद आहे, थायरॉइड असेल. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या, त्यात वावगं काही नाही. पण ते नॉर्मल आलं तर मुक्काम पोस्ट स्वयंपाकघर.

सुरुवात तेलापासून करा, कारण ते दिसत नाही आणि एका ग्रॅमला ९ कॅलरी भरतात. चमच्याने मोजायच्या भानगडीत पडू नका. पाच लिटरचा डबा फोडला की त्यावर मार्करने तारीख टाका, आणि संपेल त्या दिवशी दिवस मोजा. लिटरभर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, पाच लिटर म्हणजे साडेचार किलो. चार माणसांत डबा ४० दिवस पुरला तर माणशी रोज २८ ग्रॅम, म्हणजे सुमारे २५५ कॅलरी. अ‍ॅपमध्ये मी भरत होते दोन छोटे चमचे, म्हणजे ८०. इथेच पावणेदोनशेचा खड्डा. तळणीतलं उरलेलं तेल टाकत असाल तर तेवढं वजा करा. पण बहुतेक घरांत ते फोडणीलाच जातं.

दुसरी पोळी. अ‍ॅपमधली 'रोटी' ८० कॅलरींची होती. म्हणजे २५ ग्रॅम पिठाचा फुलका. आमच्याकडे पोळ्यांना मावशी येतात. "मावशी, एका पोळीला पीठ किती घेता?" "हाताला कळतं ताई." कळतं हे खरंच आहे, त्यांच्या बारा पोळ्यांत उन्नीस-बीस होत नाही. म्हणून एकेक गोळा तोलायची गरज नसते. परातीत घेतलेलं कोरडं पीठ तोला आणि पोळ्यांच्या संख्येने भागा. आमचं ४२० ग्रॅम निघालं, बारा पोळ्या, म्हणजे पोळीला ३५ ग्रॅम. गव्हाच्या पिठात १०० ग्रॅमला सुमारे ३२० कॅलरी, तेव्हा पोळी ११२ ची. दिवसाला तीन खाल्ल्या तर पंचाण्णव जास्त. घडीतलं तेल वरच्या हिशोबात आलंच आहे, ते पुन्हा धरू नका. भाकरीला तेल नसतं म्हणून ती हलकी समजतात, पण एका भाकरीला ७० ग्रॅम पीठ सहज लागतं. दोन पोळ्या झाल्या की त्या.

तिसरा चहा. फुल क्रीम दूध ६० मिली आणि दीड चमचा साखर, की एक कप ८० ला पोचतो. अ‍ॅप ४५ सांगत होतं. तीन कपांमागे शंभरेक.

पावणेदोनशे, पंचाण्णव आणि एकशे पाच. एकूण पावणेचारशे. म्हणजे १,४५० समजून मी खात होते सव्वाअठराशे, आणि वजन अडलं होतं ते बरोबरच अडलं होतं. सूत्राने १,८६५ सांगितले होते. त्या बिचाऱ्या सूत्राला तीन आठवडे शिव्या खाव्या लागल्या.

आता वाटीवर उपाय. डिजिटल किचन काटा घ्या, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, टेअरचं, म्हणजे भांडं ठेवून आकडा शून्यावर आणायचं, बटण असलेला. पाचशेच्या आत मिळतो. मग रोजच्या वापरातली सगळी भांडी रिकामी तोलून वजनं एका कागदावर लिहा आणि कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. हे एकदाच करायचं असतं, पण याच्याशिवाय पुढचं काही जमत नाही.

आमटीचं उदाहरण देते. तूरडाळ कोरडी १२० ग्रॅम, ४०० कॅलरी. फोडणीचं तेल १५ ग्रॅम, १३५. गूळ १० ग्रॅम, ३७. ओलं खोबरं २० ग्रॅम, ७५ च्या आसपास. चिंच, मसाला, कोथिंबीर सोडून द्या. बेरीज ६५० च्या घरात. आमटी उकळून झाली की पातेल्यासकट तोला आणि कागदावरचं पातेल्याचं वजन वजा करा. समजा एक किलो भरली, तर १०० ग्रॅमला ६५ कॅलरी. आता ताटातली वाटी काट्यावर ठेवून शून्य करा आणि आमटी वाढा. १५० ग्रॅम आली तर ९७. उद्या हीच आमटी पाहुण्यांसाठी पाणी घालून वाढवली की वाटी तीच, कॅलरी कमी. परवा आटली की जास्त. अ‍ॅपला हे कसं कळणार? एकेका पदार्थाचं असं तेल धरत असाल तर डब्याचा हिशोब त्यात मिळवू नका. डब्याचा आकडा फक्त पडताळ्यासाठी. दोन्हींत मोठी तफावत आली तर डब्यावर विश्वास ठेवा.

याच तोलण्यातून आणखी एक गोष्ट कळली. त्या दीडशे ग्रॅम आमटीत कोरडी डाळ फक्त १८ ग्रॅम, म्हणजे प्रथिनं जेमतेम ४ ग्रॅम. कमी खात असताना स्नायू झडू नयेत म्हणून किलोमागे १.२ ग्रॅम तरी प्रथिनं हवीत, ७४ किलोला नव्वदच्या आसपास. 'रोज वरण असतं की' यावर ती भागत नाहीत. दोन अंड्यांत १२-१३, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, कोरड्या सोयाबीन वड्यांत तर १०० ग्रॅमला पन्नासच्या वर.

भाताचं विसरलेच. शिजल्यावर तांदूळ अडीच-तीन पट होतो. १५० ग्रॅम भात साधारण १९५ कॅलरी. तेच दीडशे ग्रॅम कच्चे तांदूळ सव्वापाचशे. अ‍ॅपमध्ये दोन्ही नोंदी एकाखाली एक असतात आणि घाईत कुठलीही दाबली जाते. कोरड्या जिन्नसांचे आकडे मी अ‍ॅपमधून घेणं सोडलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढलेत, त्यातून घ्या. फक्त सांभाळा, तिथे ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे. गव्हाच्या पिठापुढे १,३०० च्या वरचा आकडा बघून दचकू नका, ४.१८४ ने भागा.

वजन जागच्या जागी ठेवायला तुम्हाला रोज किती कॅलरी लागतात, तो खरा आकडा काढायचा तो असा. दोन आठवडे नेहमीसारखं खा, फक्त वरच्या पद्धतीने तोलून लिहा. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजन घ्या. एका दिवसाच्या वजनाला काही अर्थ नसतो. आदल्या रात्री पापड-लोणचं झालं तरी पाणी धरून काटा अर्धा-एक किलो वर जातो. सात दिवसांची सरासरी काढा आणि ती पुढच्या सातांच्या सरासरीशी ताडून बघा. पाळी येत असेल तर गेल्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी तुलना करा, नाहीतर उगाच जीव टांगणीला लागतो. सरासरी हलली नाही तर जे खाताय तोच तुमचा तोलाचा आकडा. समजा १,९०० खाऊन आठवड्याला ३०० ग्रॅम उतरलं, तर ३०० ग्रॅमचे २,३१० भागिले ७, म्हणजे रोजची तूट ३३०, आणि तोलाचा आकडा २,२३०. आहार एकदम बदलला असेल तर पहिला आठवडा हिशोबात धरू नका, त्यात पाणीच जास्त जातं.

माझ्या सव्वाअठराशेतून ४०० कमी करायला उपाशी राहावं लागलं नाही. तेलाचा डबा ५५ दिवस पुरवला, त्यात ७० वाचले. पोळ्या तीनच, पण मावशींना सांगून पीठ २८ ग्रॅमवर आणलं, त्यात सदुसष्ट. चहातली साखर निम्मी केली, पंचेचाळीस. उरलेले संध्याकाळच्या शेव-फरसाणातून गेले. ४० ग्रॅमच्या मूठभर शेवेत २२० असतात. हिशोबाने सहा आठवड्यांत दोन किलो उतरायला हवे होते आणि तेवढेच उतरले, तेव्हा मात्र मी काट्याकडे बघून गालात हसले.

उपासाच्या दिवशी तोलायला विसरू नका. एकादशी दुप्पट खाशी हे उगाच म्हणत नाहीत. साबुदाणा १०० ग्रॅम, कूट ३० ग्रॅम, तूप १० ग्रॅम, की बटाटा न धरताच खिचडी सहाशेच्या वर. स्टेशनबाहेरचा वडापाव मी ३०० धरते. मामलेदारची मिसळ खायला गेलात तर तर्री बघून अंदाज करा, त्यावर पाव हिस्सा वाढवून लिहा आणि पाव मोजा. लादीतला एक सव्वाशेच्या आसपास जातो. उपवन तळ्याभोवती फेऱ्या मारल्यावर मनगटावरचं घड्याळ ३५० जळाल्याचं सांगतं, ते खाऊन टाकायला मिळालेलं बक्षीस समजू नका. चालणं गुणकात धरून झालंय.

पाच किलो उतरल्यावर सूत्र पुन्हा मांडा. किलोमागे साधारण १४ कॅलरी कमी लागतात, पाच किलोला सत्तर. वजन पुन्हा अडलं तर आधी हे बघा, आणि त्याच्याही आधी किचन काटा बघा. सेल उतरला की तो बेधडक खोटं बोलतो. ओट्यावर सपाट ठेवून त्यावर मिठाची न फोडलेली एक किलोची पिशवी ठेवा. हजाराच्या जवळपास दाखवत नसेल तर सेल बदला आणि आठवडाभराच्या नोंदी खोडून टाका.